गल्लीतलं सुशीचं दुकान आणि आमचे सात प्रश्न

तोक्यो शहराच्या पूर्वेला निशिकासाई नावाचं स्टेशन आहे. माझा मुलगा आणि सून नऊ वर्षांपासून तिथे राहतात. गेल्या वर्षी मे महिन्यात मी आणि आमचे हे दीड महिना त्यांच्याकडे राहून आलो. परतल्यापासून भेटेल तो पहिला प्रश्न एकच विचारतो : 'तिथे खाल्लंत काय?' घरात काय खाल्लं ते सांगण्यात मजा नाही. सून सोलापूरची आहे, तिने तिथेही शेंगाची चटणी करून ठेवली होती. सांगण्यासारखं आहे ते गल्लीतल्या सुशीच्या दुकानाचं.

नातू आठ वर्षांचा, तिसरीत. त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं सुशीचं दुकान आहे, घरापासून चालत पाच मिनिटांवर. आठ खुर्च्या, एक लाकडी फळी, दारावर निळा कापडी पडदा. ही दोन्ही मुलं एकमेकांना सोडत नाहीत. त्या घरून आम्हाला तीन वेळा जेवायचं बोलावणं आलं होतं आणि तिन्ही वेळा माझ्या मुलाने काहीतरी सबब सांगून टाळलं होतं. एका रात्री नातू माझ्या कुशीत झोपायला आला आणि म्हणाला, "दादी, आपल्याला सगळंच हराम असतं का?"

मी सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं, पण या प्रश्नाला मला चटकन उत्तर सुचलं नाही. कारण हलालची यादी लांब आहे आणि हरामची छोटी, हे आम्ही मुलांना शिकवतो. आणि त्या पोराने मात्र आठ वर्षांत 'नको, त्यात काहीतरी असेल' एवढंच ऐकलं होतं.

सकाळी सुनेजवळ विषय काढला. ती बिचारी थकलेली. म्हणाली, "अम्मी, रोज पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचायची. शाळेतून महिन्याच्या जेवणाचा तक्ता येतो, त्यावर खुणा करायच्या. ज्या दिवशी डुक्कर असेल त्या दिवशी त्याच रंगाचं, त्याच रूपाचं काहीतरी घरून डब्यात द्यायचं, म्हणजे पोराला वेगळं वाटत नाही. शेवटी बाहेर 'नाही' म्हणणंच सोपं पडतं." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला राहून राहून वाटत होतं, सुशी म्हणजे भात आणि मासा. रत्नागिरीच्या माणसाला भात आणि मासा वर्ज्य कधीपासून झाला?

इथे थोडं सुशीविषयी सांगते. आपल्याकडे सुशी म्हणजे कच्चा मासा असं सगळे समजतात. ते खरं नाही. सुशीची खरी ओळख मासा नाही, आंबट भात आहे. फार पूर्वी मासा टिकवण्यासाठी तो मीठ लावून भातात दाबून ठेवत. भात आंबायचा, त्या आंबटपणाने मासा टिकायचा, आणि खाताना भात फेकून द्यायचे. बिवा तलावाच्या काठी अजूनही त्या पद्धतीचा मासा करतात. वासाला आपल्या खाऱ्या मासळीचा थोरला भाऊ शोभेल. पुढे आंबवण्याइतका धीर लोकांना राहिला नाही, तेव्हा भातातच व्हिनेगर घालू लागले. आणि १८२०च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने वळलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाची कापटी ठेवून विकायची पद्धत रुळली. हानाया योहेई नावाच्या माणसाला तिचं श्रेय देतात. ते रस्त्यावरच्या गाडीवर उभ्याने खायचं खाणं होतं, वडापावासारखं. बड्या हॉटेलांतली हजारो रुपयांची सुशी हे नंतरचं प्रकरण.

पट्ट्यावर फिरणाऱ्या बशांची दुकानंही आहेत. १९५८ साली ओसाकाजवळ शिराइशी नावाच्या दुकानदाराने तो पट्टा पहिल्यांदा लावला. कल्पना कुठून सुचली म्हणाल तर बिअरच्या कारखान्यात, बाटल्या सरकत जाताना बघून. तिथे स्वस्त पडतं, पण त्याच पट्ट्यावर कोंबडीचे तळलेले तुकडे, डुकराच्या मांसाचे काप, गोड केक, सगळंच फिरतं. आणि भातात काय घातलंय ते विचारायला समोर माणूस नसतो. छोट्या दुकानात माणूस असतो. एवढ्या एका गोष्टीवर मी अडून बसले.

"आपण जेवायला नको जाऊ," मी म्हटलं, "विचारायला जाऊ."

सुनेने रात्री बसून जपानीत सात प्रश्नांचा कागद तयार केला. हे प्रश्न लिहिताना मला समजलं की अडचण माशात नाहीच. समुद्राची शिकार हलाल असल्याचं सूरह माइदामध्येच आलं आहे, आणि माशाला जबीहाची अट नाही. व्हिनेगरही हलाल, प्रेषितांनी (स.) सिरक्याला उत्तम सालन म्हटल्याची हदीस सर्वांना ठाऊक आहे. अडचण आहे मिरिन नावाच्या गोड पाण्याची. मिरिन हा तांदळाचा मद्यार्क, चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेला. आपण जसा गुळाचा खडा टाकतो तसा जपानी माणूस तो हर पदार्थात टाकतो. त्याच्या जोडीला साके, म्हणजे त्यांची तांदळाची दारू. माशाचा उग्र वास जावा म्हणून तीही चमचाभर जाते.

आणि यातली गंमत अशी की जे दिसायला सगळ्यात साधं, तेच सगळ्यात आधी टाळावं लागतं. अंड्याची पिवळी वडी घ्या, किंवा भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या, किंवा तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात. आपल्याला वाटतं हे शाकाहारी, हे निर्धास्त खावं. पण हे तिन्ही बहुधा मिरिन आणि सोया सॉसमध्ये शिजवलेले असतात. वाम माशावरचा चकचकीत काळा रस, तोही तसाच. उलट ज्याला आपण घाबरतो तो कच्चा मासा, त्याला काहीच लावलेलं नसण्याची शक्यता जास्त. तिथे राहणाऱ्या आपल्या कितीतरी मुली उलटं करतात. मासा नको म्हणतात आणि तोफूची पिशवी मुलाच्या डब्यात देतात.

दुपारी अडीचच्या सुमाराला आम्ही गेलो. मी, सून आणि नातू. अशा दुकानांत दुपारचं जेवण आटपलं की संध्याकाळपर्यंत दार बंद असतं, 'तयारी चालू आहे' अशी पाटी लावतात. आम्ही पाटी लागायच्या बेताला पोचलो. दुकानदाराला सगळे 'तैशो' म्हणतात. शब्दाचा अर्थ सेनापती. सुशीवाल्याला अशीच हाक मारायची रीत आहे. पन्नाशीचा माणूस, हात मात्र एखाद्या शिंप्यासारखे नाजूक. नातवाने कागद दोन्ही हातांनी पुढे केला आणि कमरेत वाकला. तैशोंनी चष्मा लावून सातही प्रश्न वाचले, परत पहिल्यापासून वाचले, आणि म्हणाले, "आज नाही."

नातवाचा चेहरा उतरला. पण तैशो पुढे बोलत होते आणि पोरगा आम्हाला मराठीत सांगत होता. भात शिजवताना ते पाण्यात थोडं साके घालतात. भाताला लावायचं व्हिनेगर तांदळाचं, त्यात फक्त मीठ आणि साखर, ते चालेल. माशावर ब्रशने सोया सॉस लावतात तो मिरिन आणि साके उकळून केलेला, तो नाही. अंडं नाही, वाम नाही, भोपळा नाही. मांस दुकानात येतच नाही, त्यामुळे सुरी-फळीचा प्रश्न नाही. सोया सॉसची बाटली त्यांनी स्वतः उलटी करून वाचली आणि त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. सोया सॉस आंबवताना थोडा अल्कोहोल आपसूक तयार होतो, त्याबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. पण बऱ्याच कंपन्या टिकण्यासाठी वरून वेगळा अल्कोहोल घालतात आणि तसं छापतात. ही बाटली तशी होती. "तेहतीस वर्षं वापरतोय, आज पहिल्यांदा वाचलं," ते म्हणाले.

मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून सांगितलं : शुक्रवारी चार वाजता या. दुकान बंद असेल. तुमच्यासाठी भात वेगळा लावतो.

मला विचाराल तर मेहमाननवाजी ती हीच. 'चालतंय हो, काही होत नाही' म्हणणारे खूप भेटतात, आपल्यातही भेटतात. हा माणूस 'आज नाही' म्हणाला, म्हणून शुक्रवारच्या भातावर माझा विश्वास बसला. वेळही त्याने नेमकी सुचवली. संध्याकाळी तिथे लोक दारू पीत बसतात, अशा बैठकीत मुलाबाळांना घेऊन बसायचं आमच्या मनाला पटलं नसतं. मागच्या कपाटात बाटल्या होत्या, त्या होत्या तिथेच होत्या. त्या झाका असं आम्ही म्हटलं नाही आणि म्हणायचा आम्हाला हक्कही नव्हता.

शुक्रवारी वेगळाच पेच पडला. हे आणि मुलगा जुम्मासाठी ग्योतोकुच्या मशिदीत गेले होते. निशिकासाईहून रेल्वेने चार स्टेशनं पुढे. नमाजहून आले ते नेहमीप्रमाणे अत्तर लावून. मुलाने दारातच थांबवलं. "अब्बा, सुशीच्या दुकानात अत्तर चालत नाही." ह्यांना वाटलं पोरगा थट्टा करतोय. पण तिथे तशी रीतच आहे. माशाचा, भाताचा वास फार हलका असतो, शेजारच्याच्या अंगाला सेंट असला की सगळ्यांच्या जेवणाचं मातेरं. हे कुरकुरत न्हाणीघरात गेले, मनगटं साबणाने धुतली, कुर्ता बदलला. "रत्नागिरीत मासळी बाजारातून आलो की तू अत्तर लावायला लावायचीस," मला म्हणाले, "इथे मासे खायला जायचं म्हणून धुवायचं."

ह्यांचं आयुष्य मिरकरवाडा बंदरावर गेलं, बर्फाच्या कारखान्यात. माशाच्या बाबतीत घरात ह्यांचा शब्द शेवटचा. म्हणूनच कच्चं खाणार नाही असं त्यांनी निघतानाच जाहीर केलं होतं. "मी बर्फ विकलाय. बर्फात काय काय लपतं ते मला विचारा."

दुकानात पाऊल टाकलं आणि तैशोंनी मोठ्याने स्वागताची हाळी दिली. फळीच्या पलीकडे काचेच्या पेटीत मासे मांडलेले. हे खुर्चीवर बसलेच नाहीत. काचेवर वाकून बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "विचार, कापायच्या आधीचा अख्खा मासा दाखवतील का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तैशो आत गेले आणि एक मासा घेऊन आले. बांगड्याएवढा, पाठ निळसर, अंगावर काटेरी रेघ. ह्यांनी कल्ला उचलून बघितला, डोळा बघितला, पोटावर बोट दाबून सोडलं. मान हलवली. तैशोंनीही मान हलवली. यापुढचा तासभर या दोघांना दुभाष्याची गरज फारशी पडली नाही.

कच्च्या माशाची भीती तैशोंनी उडवून लावली नाही, हेही मला आवडलं. म्हणाले, भीती बरोबर आहे. माशाच्या पोटात एक बारीक पांढरी अळी असते, अनिसाकिस नावाची. मासा मेला की ती आतड्यातून मांसात शिरते, आणि माणसाच्या पोटात गेली तर असह्य कळा येतात. मिठाने किंवा व्हिनेगरने ती मरत नाही. एक तर मासा उणे वीस अंशांत निदान चोवीस तास गोठवायचा, नाहीतर शिजवायचा. मोठ्या कुप्याला, ज्याला ते मागुरो म्हणतात, जहाजावरच उणे साठ अंशांत गोठवतात. बाकीचा मासा पकडल्याबरोबर आतडी काढून थंड ठेवतात आणि कापताना प्रत्येक कापटी उजेडात धरून बघतात. ते बघणं आम्ही समोर पाहिलं. म्हणून वाचकांना एक सांगून ठेवते : हे सगळं वाचून कोणी बाजारातून बांगडा आणून घरी कच्चा खायला जाऊ नका. आपल्याकडचा मासा शिजवून खायच्या हिशोबाने पकडलेला आणि ठेवलेला असतो.

भात एका पसरट लाकडी परातीत होता, त्यावर ओलं फडकं. थंड नव्हता, गरमही नाही, हाताला लागेल न लागेल एवढा कोमट. तैशोंनी बोटं पाण्यात बुडवली, भाताचा गोळा उचलला, दोन-तीन हालचाली केल्या आणि मासा वर बसलेला तुकडा समोर ठेवला. मुलांसाठी वसाबी नको, मोठ्यांसाठी थोडा. वसाबी ही हिरवी झणझणीत मुळी. पाकिटातली बहुतेक वसाबी म्हणजे दुसऱ्याच एका पांढऱ्या मुळीला हिरवा रंग दिलेला असतो. खऱ्या वसाबीचा झणका नाकात जातो आणि लगेच विरतो, आपल्या मिरचीसारखा जिभेवर बसून राहत नाही.

सोया सॉसच्या जागी दोन वाट्या होत्या. एकीत सुनेने घरून आणलेला हलाल शिक्क्याचा सोया सॉस, दुसरीत बारीक मीठ, आणि बाजूला सुदाची नावाचं लिंबाच्या जातीचं हिरवं फळ. तैशो म्हणाले, पांढऱ्या माशाला मी एरवीही मीठ आणि सुदाचीच देतो, तुमच्यासाठी म्हणून काही वेगळं नाही. ते खरं होतं की आमचं मन राखायला म्हटलं, माहीत नाही. तिथल्या एका लालसर माशावर, आपल्या तांबोशीची आठवण व्हावी असा मासा, त्यांनी चार दाणे मीठ टाकलं, वरून दोन थेंब पिळले. बिस्मिल्लाह म्हणून मी तोंडात टाकला. तुकडा एका घासात खायचा, हाताने खाल्ला तरी चालतो. आधी भाताचा आंबटपणा लागला, मग मासा; आणि माशाला माशाचा वासच नाही. साठ वर्षांत मी मासा मसाल्यासकट खाल्ला होता. नुसता मासा कसा लागतो ते मला पहिल्यांदा कळलं. आवडला का? पहिला घास आवडला असं म्हणणार नाही. चौथा आवडला.

खरी परीक्षा यानंतर होती, आणि ती आमच्या घरातली होती. आम्ही कोकणी, शाफई. आमच्याकडे समुद्रातलं सगळं चालतं : माकूल, कुर्ल्या, तिसऱ्या, कालवं. सून हनफी. तिच्या मसलकात मासा तेवढा हलाल. माकूल, शिंपल्या, खेकडे नाहीत. कोळंबीबद्दल हनफी उलेमांत मतभेद आहेत, तिच्या माहेरी कोळंबी खातात. लग्नाला अकरा वर्षं झाली. आमच्या घरी तिच्यासाठी कालवाचं कालवण बाजूला ठेवायची सवय झाली आहे, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण हे परक्या माणसाला, परक्या भाषेत, आठ वर्षांच्या पोराने कसं सांगावं?

नातवाने कागद मागून घेतला आणि पेन्सिलने तीन रकाने आखले. एका रकान्यात दादा-दादी-अब्बू, दुसऱ्यात अम्मी, तिसऱ्यात तो स्वतः. आमच्या रकान्यात त्याने मोठा गोल काढला. अम्मीच्या रकान्यात मासा आणि कोळंबीपुढे गोल, माकूल आणि शिंपलीपुढे फुली. जपानी मुलं बरोबरला गोल काढतात, चुकीला फुली. स्वतःच्या रकान्याशी मात्र तो अडला. बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं. माझा मुलगा म्हणाला, "आज माशालाच गोल कर. बाकीचं मोठा झालास की इन्शाअल्लाह शिकून ठरव." त्याने तसं केलं.

तैशोंनी तो कागद वाचला आणि विचारलं, "म्हणजे एकाच घरात दोन नियम?" मुलगा म्हणाला, "दोन नियम, एक दस्तरखान." (दस्तरखान शब्दाला जपानीत त्याने काय म्हटलं देव जाणे.) तैशोंनी नवी फळी काढली. माकूल त्या फळीवर, वेगळ्या सुरीने कापली. हे आम्ही मागितलं नव्हतं. सुनेने मान खाली घातली आणि डोळे पुसले. मला वाटलं वसाबी असेल, पण तिच्या घासाला वसाबी नव्हती.

मे महिना म्हणजे तिथे कात्सुओचा. कात्सुओ कुप्याचा धाकटा भाऊ. उन्हाळ्याच्या सुरुवातीचा पहिला कात्सुओ खायची तोक्योत जुनी हौस आहे. तो पूर्ण कच्चा देत नाहीत, गवताच्या जाळावर वरून शेकतात. कडा करपलेल्या आणि आत लाल. त्यावर किसलेलं आलं. धुराचा वास आला आणि ह्यांचा निर्धार डळमळला. "हा शेकलेला आहे," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी एक घेतला. नंतर आणखी दोन. मग व्हिनेगरात मुरवलेला साबा आला, बांगड्याचा चुलतभाऊ. आधी तासभर मिठात, मग व्हिनेगरात, आणि अळीच्या भीतीपोटी त्याआधी गोठवलेला. तो खाऊन हे एकदम म्हणाले, "आमसूल पाहिजे होतं." मी त्यांच्या पायावर पाय दिला.

नातवाला साल्मन हवा होता. तैशोंच्या पेटीत साल्मन नव्हता. जपानात साल्मन कच्चा खायची चाल जुनी नाही. १९८५च्या सुमारास नॉर्वेने आपला पाळीव साल्मन खपवायला मोहीम काढली, तेव्हापासून तो सुशीवर बसला. जुन्या वळणाचे दुकानदार अजून तो ठेवत नाहीत. पोराचा मित्र मात्र आतून पळत आला आणि म्हणाला, बाबांना सांगून काही उपयोग नाही, मी पण रोज मागतो. दोघांनी मिळून काकडीचे चौदा तुकडे संपवले. काकडीचा रोल : नोरी, भात, काकडी. यात लपायला जागाच नाही.

नोरीवरून गोष्ट निघाली. नोरी म्हणजे कागदासारखी वाळवलेली समुद्रातली शेवाळ. तैशो म्हणाले, ज्या जमिनीवर हे दुकान आहे तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर होता. कासाईचे कोळी उथळ पाण्यात काठ्या रोवून नोरी पिकवायचे, शिंपल्या काढायचे. पुढे कारखान्यांचं पाणी आलं, किनाऱ्यावर भराव पडू लागला, आणि १९६२ साली इथल्या कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडून दिले. आता तिथे इमारती आहेत. त्यातल्या एका इमारतीत माझा मुलगा राहतो. २०००च्या आसपास संगणकाच्या कामासाठी आलेली भारतीय कुटुंबं या भागात राहू लागली, ती तशीच वाढत गेली. तैशोंचे आजोबा नोरी पिकवणारे. ते गेले तेव्हा घरात होडीची एक वल्ही तेवढी उरली होती, ती त्यांनी दुकानाच्या मागच्या भिंतीवर टांगली आहे. हे उठून ती वल्ही बघून आले. परत बसले तरी बराच वेळ बोलले नाहीत. मिरकरवाड्याला आमच्या लहानपणच्या किती होड्या आज समुद्रात जातात, याचा हिशोब ते मनात करत असावेत.

बिल मुलाने मागितलं. तैशोंनी दुपारच्या थाळीचाच दर लावला, माणशी दीड हजार येन. जास्त द्यायला गेलो तर घेतले नाहीत. बक्षिसी देणं तिथे अपमानासारखं वाटतं. फुकट मात्र त्यांनीही दिलं नाही, आणि ते बरंच झालं. फुकट जेवलेल्या घरी परत जायला संकोच वाटतो. निघताना जेवणाबद्दल आभाराचा शब्द म्हणायचा असतो, तो नातवाने म्हटला, आणि मागून हळूच अलहमदुलिल्लाह. दोन्ही एका दमात, जसे काही एकाच वाक्याचे तुकडे.

दुसऱ्या दिवशी माझ्या बॅगेतली आमसुलाची पुडी घेऊन हे एकटेच दुकानात गेले. भाषा येत नाही, बरोबर कोणी नाही. अर्ध्या तासाने आले आणि एवढंच म्हणाले, "चाखलं. एक डोळा मिटला."

रत्नागिरीला आल्यावर मी घरी प्रयोग केला. जपानी तांदूळ इथे मिळत नाही, मावळची इंद्रायणी घेतली. ती चिकट असते, काम भागतं. भात मोकळा न करता लावला, कोमट झाल्यावर व्हिनेगर, साखर, मीठ. वर उकडलेली कोळंबी, काकडी, अंड्याची पोळी पातळ कापून. मुटके वळायचा नाद केला नाही, ताटात पसरून दिला. तिथेही घरोघरी सणासुदीला असाच पसरून करतात. माझ्या जाऊबाईंनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "यावर सालन कधी वाढणार?"

गेल्या आठवड्यात सुनेचा फोन आला होता. नातवाने काढलेला तीन रकान्यांचा कागद तैशोंनी फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. मशिदीत ओळख झालेली एक मलेशियन बाई तिच्या मुलांना घेऊन शुक्रवारी चार वाजता जाऊन आली, तिच्यासाठी चौथा रकाना आखला गेला. ऑक्टोबरात साब्याला चरबी चढते, तेव्हा या म्हणून तैशोंनी ह्यांना निरोप धाडलाय. आणि येताना ते काळं आंबट घेऊन या, पहिलं संपत आलंय.